पहिला रेकॉर्ड प्लेअर : ज्याची सुई मिळते तोच घ्या

आजोबांच्या कपाटातून पन्नास-साठ रेकॉर्ड निघतात, किंवा पुण्याला शिकणारा मुलगा जुन्या बाजारातून चार एलपी उचलून आणतो. मग घरात प्रश्न उभा राहतो : हे वाजवायचे कशावर? जयसिंगपुरात बसून मोबाइल उघडला की पाच हजारांपासून साठ हजारांपर्यंतचे प्लेअर समोर येतात. फोटोत सगळेच देखणे दिसतात आणि सगळ्यांखाली चांगलेच अभिप्राय असतात. कोणते यंत्र टिकेल आणि कोणते रेकॉर्डच खराब करेल, हे त्या फोटोंवरून कळत नाही.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्याने प्लेअर घेताना आवाजाच्या वर्णनांकडे नंतर बघावे. आधी तीन गोष्टी विचाराव्यात : याची सुई वेगळी मिळते का, थाळी फिरवणारा पट्टा मिळतो का, आणि सुईचा रेकॉर्डवर भार किती पडतो? यंत्र बिघडले तर बदलता येते. घासून गेलेली रेकॉर्ड मात्र पूर्ववत होत नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक मराठी रेकॉर्ड पुन्हा छापल्याही गेलेल्या नाहीत.

आधी घरातल्या रेकॉर्ड तपासा

जड, कडक, पडली तर काचेसारखी फुटणारी आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे असलेली रेकॉर्ड ही लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. बारा इंची, थोडी लवचीक, एका बाजूला वीसेक मिनिटे चालणारी ती एलपी. तिचा वेग ३३⅓. लहान सात इंची रेकॉर्ड बहुधा ४५ ची असते. लेबलवर वेग छापलेला असेल तर तो लिहून ठेवा.

आपल्या भागात हे तपासणे विशेष गरजेचे आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या रेकॉर्ड ७८ च्या. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांची नाट्यपदेही ७८ वरच घरोघर पोहोचली. त्यामुळे सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातल्या जुन्या घरांत एलपींच्या जोडीला लाखेच्या रेकॉर्ड निघण्याची शक्यता बरीच असते.

नव्या स्वयंचलित प्लेअरपैकी बहुतेकांना ३३ आणि ४५ हे दोनच वेग असतात. शिवाय वेग जुळला म्हणून काम भागत नाही. लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची साधी गोल टोकाची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. ती ७८ च्या खाचेत तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकवते. म्हणजे ७८ ऐकायच्या असतील तर तो वेग असलेले यंत्र हवे आणि वेगळी सुईही हवी. उलट बाजूने, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई एकाच फेरीत एलपीची खाच उकरून काढते.

किमतीच्या चार पायऱ्या

पुढचे आकडे नव्या मालाचे आणि ढोबळ आहेत. आयात माल असल्याने भाव हलतात. मागवायच्या दिवशी दोन ठिकाणी विचारून घ्या.

*पाच ते दहा हजार : पेटीवजा प्लेअर.* झाकणाची छोटी सुटकेस, आत लहान स्पीकर, पुढे रंगीत बटणे. नावे अनेक असली तरी बहुतेकांच्या आत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो, आवाज टिपणारा भाग) आणि लाल प्लास्टिकमध्ये बसवलेली सुई एकाच धर्तीची असते. भार पाच ग्रॅमच्या आसपास पडतो आणि तो कमी करण्याची सोय नसते. थाळी लहान असल्याने एलपीची कड बाहेर लोंबते. स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्याचा थरकाप सुईपर्यंत जातो. सुई बऱ्याचदा कृत्रिम नीलमण्याची असते आणि हिऱ्याच्या सुईपेक्षा फार लवकर झिजते. ठेवणीतल्या रेकॉर्डसाठी मी हा प्रकार सुचवणार नाही.

*पंधरा ते पंचवीस हजार : स्वयंचलित, पट्ट्यावर चालणारा.* ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी ६० एक्स आणि सोनीचा पीएस-एलएक्स ३१० बीटी हे या पायरीवरचे परिचित प्लेअर. बटण दाबले की सुईचा हात आपोआप रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत येतो. हिऱ्याची, बदलता येणारी सुई असते. एटी-एलपी ६० एक्सचा भार तीन ग्रॅमच्या आसपास, कारखान्यातच बसवलेला. फोनो प्रीअँप (त्याबद्दल पुढे) आत असल्याने सरळ स्पीकरला जोडता येतो. वेग ३३ आणि ४५. घरात वयस्कर माणसे असतील, हात थरथरत असतील, तर ही स्वयंचलित सोय रेकॉर्ड वाचवते.

*पस्तीस ते पन्नास हजार : भार लावता येणारा.* ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी १२० एक्स यूएसबीला हाताच्या मागे फिरवायचे वजन असते. त्याच्यासोबतच्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम भार लागतो. वेग तिन्ही : ३३, ४५ आणि ७८. कार्ट्रिज काढून ७८ चे लावता येते. यूएसबीने संगणकात ध्वनिमुद्रण करता येत असल्याने, ज्या घरात दुर्मीळ मराठी रेकॉर्ड आहेत तिथे याचा खरा उपयोग आहे. रेगाचा प्लॅनर १ हा सुटसुटीत बांधणीचा, आवाजाला स्वच्छ प्लेअर साधारण याच पायरीवर मिळतो. मात्र त्यात प्रीअँप नाही आणि ७८ चा वेगही नाही.

*पन्नास हजारांच्या पुढे.* प्रो-जेक्टच्या डेब्यू मालिकेसारखे प्लेअर. कान तयार आहे, स्पीकर तोलामोलाचे आहेत आणि वर्षभर ऐकून झाले आहे, तर या पायरीवर यावे. पहिल्या खरेदीला याची गरज नाही.

छापील किमतीत न दिसणारा खर्च

प्लेअरच्या खोक्यात सहसा स्पीकर नसतात. कार्ट्रिजमधून येणारा विद्युत संकेत चार-पाच मिलिव्होल्टचा, फारच क्षीण असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. ते परत समतोल करावे लागतात. ही दोन्ही कामे फोनो प्रीअँप करतो. जुन्या अँप्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जोडणी असेल तर तो आतच असतो. नसेल आणि प्लेअरमध्येही नसेल, तर वेगळा घ्यावा लागतो : तीन ते आठ हजार.

अँप्लिफायर आतच असलेली स्पीकरची बरी जोडी नऊ ते बारा हजारांना येते. कार्बन फायबरचा ब्रश पाचशे ते हजार, सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा पाचशे ते हजार, आतली नवी पाकिटे शंभर-दोनशे नगांच्या हिशेबाने वेगळी. म्हणजे :

- स्वयंचलित प्लेअर, स्पीकर आणि साफसफाईचे साहित्य : २५ ते ३८ हजार.
- भार लावता येणारा प्लेअर, थोडे मोठे स्पीकर, काटा, ब्रश : ५५ ते ७५ हजार.

घरात चालू स्थितीतला जुना अँप्लिफायर आणि स्पीकर असतील तर दोन्ही आकड्यांतून दहा-पंधरा हजार सहज कमी होतात. ते माळ्यावरून काढून आधी तपासून घ्या.

तीन वर्षांचा हिशेब

हिऱ्याची सुईही झिजते. गोल आणि लंबगोल टोकाच्या सुयांचे आयुष्य ढोबळमानाने ३०० ते ५०० तास. रोज एक एलपी, म्हणजे पाऊण तास ऐकले, तर तीन वर्षांत ८२० तास भरतात.

सतरा हजारांचा स्वयंचलित प्लेअर घेतला, तर या काळात सुई दोनदा बदलावी लागेल. एक सुई दोन हजार धरा. पट्टा एकदा, हजार रुपये. एकूण बावीस हजार, म्हणजे दिवसाला वीस रुपये. चाळीस हजारांच्या प्लेअरला चार हजारांच्या दोन सुया धरल्या तर अठ्ठेचाळीस हजार, दिवसाला चव्वेचाळीस रुपये. पेटीवजा प्लेअर सात हजारांत येतो खरा, पण जड भाराखाली झिजलेल्या रेकॉर्डची किंमत त्याच्या बिलावर छापलेली नसते. नवी एलपी आज दोन ते चार हजारांना पडते. गीतरामायणाच्या जुन्या दहा एलपींच्या संचातली एक जरी बिघडली तर जोडीदार शोधताना दमछाक होते.

झिजलेली सुई ओळखायची कशी? ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे फुटल्यासारखी येऊ लागली, बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज चिरकू लागला, की सुई संपत आली समजा. तारखेसह तासांचा अंदाज एका वहीत लिहीत गेलात तर कानावर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही.

सुईचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण आपल्याच संगीतातले आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तीत केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज आहे. गोव्यात केरीला जन्मलेल्या केसरबाईंना लहानपणी कोल्हापुरात तालीम मिळाली आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांना घडवले. ती तबकडी पाठवताना शास्त्रज्ञांनी सोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवली, कशी वाजवायची ते आवरणावर कोरले. सुईवाचून तबकडी मुकी आहे, हे त्यांनी जाणले होते. आपण प्लेअर घेतानाही तेच करावे : यंत्राबरोबर एक जादा सुई मागवून ठेवावी. आणि ऑर्डर देण्याआधी तिचा क्रमांक शोधावा. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे ती सुई मिळत नसेल, तर तो प्लेअर सोडून द्यावा.

जुने यंत्र घेत असाल तर

एचएमव्हीचा फिएस्टा, कॅलिप्सो ही नावे अनेक घरांत अजून जिव्हाळ्याने घेतली जातात. अशी यंत्रे काही हजारांत मिळतात आणि दुरुस्तीला आणखी दोन ते चार हजार लागतात. आठवण म्हणून आणि ७८ ऐकण्यासाठी ती घ्यायला हरकत नाही. सिरॅमिक कार्ट्रिजचा भार जड असल्याने चांगल्या एलपी मात्र त्यांच्यावर लावू नका.

पैसे देण्याआधी एवढे तपासा :

वेग. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवा, मोबाइलवर तीन मिनिटे लावा आणि फेऱ्या मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत. ९८ झाल्या तर यंत्र दोन टक्के मंद आहे. हे सुई खाली ठेवून करा, कारण सुईच्या ओढीने अशक्त मोटर दमते.

स्थिरता. विलंबित ख्यालाची रेकॉर्ड लावा आणि गाण्याआधीचा नुसता तानपुरा ऐका. षड्ज हेलकावत असेल तर पट्टा सैल झाला आहे किंवा रबरी चाकाला खड्डा पडला आहे. जुन्या यंत्रांत मोटरचा दांडा आणि थाळी यांच्यामध्ये असे एक रबरी चाक असते. यंत्र वर्षानुवर्षे चालू खटक्यावरच पडून राहिले की दांडा त्यात रुततो आणि प्रत्येक फेरीला धप्प असा आवाज येतो. हे चाक मिळणे हीच दुरुस्तीतली मोठी अडचण, म्हणून सौदा करण्याआधी मेकॅनिककडून ते मिळेल का हे विचारा.

सुई. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठा फोटो काढा. सुईची काडी वाकडी असेल, टोकावर काळा गोळा असेल, तर नवी सुई किमतीत धरा आणि तोवर स्वतःची रेकॉर्ड लावू नका.

वीज. परदेशातून आणलेले यंत्र असेल तर मागची पाटी वाचा. आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. अमेरिकेतले यंत्र ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचे. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, हर्ट्‌झ जुळत नाहीत. एसी मोटरचे असे यंत्र ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २८ फेऱ्यांनी चालते. काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारला उतरते आणि लयही ढिली पडते. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

कुठे बघावे, कसे मागवावे

शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष ऐका. मुंबईत माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब हे नवे प्लेअर आणि रेकॉर्ड विकणारे दुकान आहे. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे जुन्या रेकॉर्ड चाळता येतात, यंत्र मात्र वाजवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. जाताना स्वतःची एक परिचित एलपी बरोबर न्या. अनोळखी रेकॉर्डवर कोणताही प्लेअर गोडच वाटतो.

घरबसल्या मागवणार असाल तर विक्रेत्याला आधी लेखी विचारा : वॉरंटी भारतातली आहे का, दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवायचे आणि जाण्या-येण्याचा कुरिअरखर्च कोणाचा? दहा किलोचे खोके पुण्या-मुंबईला पाठवणे स्वस्त पडत नाही. खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि वॉरंटी संपेपर्यंत मूळ खोके, फोम जपून ठेवा. यंत्र परत पाठवताना थाळी काढून वेगळी बांधा आणि हात बांधून टाका. नाहीतर वाटेतच ते मोडते.

जीएसटीचे पक्के बिल घ्या. सदोष माल आला आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी जयसिंगपूरच्या ग्राहकाला कोल्हापुरात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

बसवणे आणि सांभाळणे

प्लेअर पातळीत हवा. गवंड्याकडची छोटी पातळी थाळीवर ठेवून पाय किंवा खालचे पॅड जुळवा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. थरकाप सुईत शिरतो. दाणकन दार आपटते त्या भिंतीपेक्षा आतली भक्कम भिंत बरी. भार लावताना अंदाज करू नका, काट्यावर मोजा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते असे वाटते, पण तेव्हा सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. कंपनीने सांगितलेलाच आकडा पाळा.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्याने धुतलेल्या रेकॉर्डच्या खाचेत ते वाळून बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड वापरा. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नका, लाख त्यात विरघळते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत एलपी राहिली तर ती वाकते, आणि वाकलेली सरळ करणे क्वचितच जमते.

पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते. जूनपूर्वी रेकॉर्ड भिंतीपासून चार बोटे पुढे घ्या. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. नदीकाठच्या गावात घर असेल तर रेकॉर्डची जागा वरच्या मजल्यावरच ठेवा आणि यादीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. एलपी भिजलीच तर पाकिटातून लगेच काढा, स्वच्छ पाण्याने गाळ घालवा आणि सावलीत उभी वाळवा. गाळ वाळू दिला तर तो खाचेत कठीण होतो. लाखेच्या रेकॉर्ड फार वेळ पाण्यात ठेवू नका.

मग कोणी काय घ्यावे?

फक्त एलपी आहेत आणि घरातल्या सगळ्यांनी वापरायचे आहे : स्वयंचलित प्लेअर, बरे स्पीकर, एक जादा सुई. तीस हजारांच्या आसपास काम होते आणि बहुतेक नव्या संग्राहकांसाठी हीच खरेदी योग्य आहे.

घरात ७८ चा साठा आहे किंवा दुर्मीळ रेकॉर्ड उतरवून ठेवायच्या आहेत : तीन वेगांचा, भार लावता येणारा, यूएसबी असलेला प्लेअर आणि ७८ ची वेगळी सुई. साठ हजारांची तयारी ठेवा.

हातात आत्ता दहाच हजार आहेत : पेटीवजा प्लेअर घेऊ नका. त्या पैशांतून आधी स्पीकर घ्या, रेकॉर्ड साफ करून नवी पाकिटे घाला, ७८ आणि एलपी वेगळ्या लावा, यादी करा. स्पीकर मोबाइलला जोडून रोज वापरता येतील. पुढचे पंधरा-सतरा हजार जमतील तेव्हा प्लेअर येऊ द्या. पन्नास वर्षे थांबलेल्या रेकॉर्ड आणखी सहा महिने थांबल्याने खराब होत नाहीत, जड सुईखाली मात्र होतात.